बारा माणसं उतरतात, ओटा उतरत नाही

प्रश्न : आम्ही कोपरगावजवळ राहतो. मी गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले, हे त्याआधी. एका शाळेची वापरलेली बारा सीटची व्हॅन आम्ही घेतली आणि सीट काढून तिचं फिरतं घर करून घेतोय. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटऱ्या असं सगळं बसत आलंय. मे महिन्यात समृद्धीवरून नागपूरला लेकीकडे जायचं आणि पावसाळ्यानंतर कोकणात उतरायचं, असा बेत आहे. माझा प्रश्न टायरचा. त्यांची नक्षी अजून भरपूर आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, ‘एवढे चांगले टायर कशाला बदलता?’ ह्यांचं म्हणणं, ‘बारा पोरं-माणसं नेणारी गाडी, आता दोघंच बसणार, म्हणजे हलकीच झाली.’ मला मात्र धाकधूक वाटते. टायरवर ‘१९५ आर १५ सी, १०६/१०४ आर’ असं लिहिलंय. त्याखेरीज चार आकडे आहेत : पुढच्या दोन्हींवर १२२१, मागच्या दोन्हींवर ३११८ आणि स्टेपनीवर ०९१४. पंक्चरवाला चारही चाकांत ४५ हवा भरतो. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन १,९८० आणि भरलेल्या गाडीचं ३,००० किलो आहे. सोबत सामानाची यादी आणि गाडीच्या आतल्या मांडणीचा नकाशा जोडला आहे. ह्यांना पटेल असं काही सांगाल का?

ताई,

तुमची धाकधूक योग्य आहे. पत्रात तुम्ही टायरवरचे सगळे आकडे उतरवून पाठवलेत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. तीस वर्षं टायरच्या दुकानात काढली, पण आकडे वाचून दाखवणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटलं. बहुतेक जण अंगठा नक्षीत घालून बघतात आणि ‘अजून बराच माल आहे’ म्हणतात. तुमच्या यजमानांचं म्हणणंही चुकीचं म्हणता येत नाही, ते अर्धं बरोबर आहे. ताई म्हटलं म्हणजे त्यांना दाजी म्हणायचा हक्क मला मिळाला, तेव्हा दाजींच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो.

बारा माणसं आणि चालक धरले तर साधारण ८५० किलो वजन झालं. ते गाडीभर पसरलेलं असायचं, दोन्ही बाजूंना सारखं, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत. आणि शाळा सुटली की ते उतरून घरी जायचं. रात्रभर, रविवारभर, अख्खी उन्हाळ्याची सुट्टी गाडी रिकामी उभी. आता तुम्ही जे भरताय ते उतरणारं नाही. ओटा अंगणातही गाडीतच, घाटातही गाडीतच. टायरला सुट्टी नाही.

तुमच्या यादीवरून मी वजन मांडून पाहिलं. अठरा मिलिमीटरचं आठ बाय चार फुटी प्लायवूड एक ताव तीस किलोच्या वर जातं. तुमचे दहा ताव लागलेत, म्हणजे तीनशेच्या वर. पाच फूट बाय दोन फुटांचा ग्रॅनाइटचा ओटा पंचेचाळीस किलो. (ताई, हा ग्रॅनाइट काढाच, त्यावर पुढे बोलतो.) दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो, पाण्याचा हिशोब सरळ आहे. घरातल्या इन्व्हर्टरला असतात तशा १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या मिळून शंभर-सव्वाशे. घरगुती गॅसचा सिलिंडर भरलेला असताना तीस किलोच्या आसपास. छतावरचे दोन सोलर पॅनेल सांगाड्यासकट पंचेचाळीस, छोटा फ्रिज पंचवीस. लोखंडी फ्रेम, आतलं थर्माकोल-पॅनेलिंग मिळून शंभर. गाद्या, भांडी, कपडे, धान्य, अवजारं यांना मी शंभरच धरलेत, पण आपल्या बायकामाणसांना आणि पुरुषांनाही ते शंभरात जमत नाही हे मला ठाऊक आहे. वर तुम्ही दोघं, एकशे तीस. बेरीज हजार-एक हजार पन्नास. सीट काढल्याचे दीड-दोनशे किलो वजा केले तरी गाडी २,८५०च्या घरात जाते.

आरसीवरचे ३,००० अजून दीडशे किलो लांब आहेत. दाजी म्हणतील, ‘बघ, बसतंय की नाही?’ बसतंय. पण टायरला गाडीचं एकूण वजन कळत नाही. त्याला फक्त आपल्या डोक्यावरचं वजन कळतं. चार टायर म्हणजे चार वेगवेगळे हमाल. तिघांच्या डोक्यावर एकेक गोणी आणि चौथ्याच्या डोक्यावर दोन असल्या, तर सरासरी काढून चौथ्याचा मणका वाचत नाही.

आता तुमचा नकाशा बघू. सरकता दरवाजा डाव्या बाजूला, म्हणून ओटा, टाकी, बॅटऱ्या, सिलिंडर हे सगळं उजव्या बाजूला गेलंय. चालकही उजवीकडे. टाकी मागच्या चाकाच्या जवळजवळ वर आणि बॅटऱ्या तिच्याही मागे. माझ्या अंदाजाने मागच्या एक्सलवर, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांवर मिळून, १,७०० किलोच्या आसपास येतील आणि त्यातले डावीकडे साडेसातशे-आठशे, उजवीकडे नऊशे ते साडेनऊशे. हा हिशोब कागदावरचा आहे, खरा आकडा काटा सांगेल. पण हाच अंदाज धरून तुमच्या टायरवरचं अक्षरांकन वाचा.

‘१०६/१०४’ हा भार-निर्देशांक. १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो, मागे एका बाजूला एकच चाक असेल तेव्हा. १०४ म्हणजे ९०० किलो, मागे जोडटायर असतील तेव्हा. तुमच्या गाडीला एकेकच चाक आहे, तेव्हा ९५० धरायचे. शेवटचं ‘आर’ हे वेगाचं अक्षर, १७० किलोमीटर, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. ‘सी’ मात्र महत्त्वाचा : हा माल वाहणाऱ्या हलक्या गाड्यांचा, जाड बांध्याचा टायर आहे.

म्हणजे ९५० च्या टायरवर साडेनऊशेपर्यंत भार. काठावर. पण खरी अडचण पुढेच आहे. ते ९५० किलो टायर कधी उचलतो? त्यात पूर्ण दाबाची हवा असेल तेव्हा. टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरांत जास्तीत जास्त भार आणि त्यासाठी लागणारा दाब छापलेला असतो. या जातीच्या टायरला तो साधारण ६५ पीएसआय, आपल्या दुकानी भाषेत ६५ पौंड, असतो. भार रबर उचलत नाही, हवा उचलते. रबर फक्त त्या हवेची पिशवी आहे. तुमचा पंक्चरवाला ४५ भरतो. ४५ वर त्याच टायरची ताकद उतरून पाऊणपट होते, सातशेच्या थोडी वर. आणि त्यावर तुम्ही ठेवताय नऊशेच्या वर.

दाजींना दाखवायचा आकडा हाच.

असा टायर लगेच फुटत नाही, म्हणून तर फसायला होतं. तो दोन महिने निमूट चालतो. कमी हवेत त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात दबतात आणि सरळ होतात. ताशी ऐंशीला हे मिनिटाला सहाशेच्या वर वेळा होतं. तार हातात घेऊन पुढे-मागे वाकवत राहिलं की वाकते तिथे ती गरम होते, तसंच. आतल्या पोलादी जाळीचे थर रबराने एकमेकांना चिकटवलेले असतात, त्या चिकटीला ही आच लागते. गावातल्या रस्त्यावर गतिरोधक, चौक, चहाचं दुकान येतं, टायर थंड होतो. शिर्डी ते नागपूर हा समृद्धीचा ५२० किलोमीटरचा पट्टा, सिमेंटचा, सलग. तिथे थांबायला कोणी सांगत नाही. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ ला टेकलेला, खाली तापलेलं काँक्रीट, वर न उतरणारा ओटा. आधीच कमकुवत झालेला टायर मग तिथे शरण येतो, आणि माणसं म्हणतात रस्त्याने टायर खाल्ला.

म्हणून पहिलं काम, टायरच्या दुकानात जाण्याआधी : गाडी काट्यावर न्या. तुमच्या भागात साखर कारखान्यांना तोटा नाही आणि जिथे कारखाना तिथे वजनकाटा. गळीत हंगामात उसाच्या गाड्यांच्या रांगेत जाऊ नका. हंगाम संपल्यावर जा, किंवा रस्त्यावरच्या खाजगी काट्यावर जा. जाताना गाडी खरोखर प्रवासाला निघाल्यासारखी भरा : टाकी काठोकाठ, डिझेल फुल, सिलिंडर, गाद्या, डबे आणि तुम्ही दोघं आत. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, मग फक्त उजव्या बाजूची दोन, आणि शेवटी मागचं उजवं एकटं चाक. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि बाजूची जमीन एका पातळीत असेल असाच काटा निवडा, नाहीतर गाडी कलंडलेली राहते आणि आकडा खोटा येतो. काटेवाला कुरकुरेल. त्याला पाच पावत्यांचे पैसे द्या. या सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचे पैसे ते असतील.

मागचं उजवं चाक ८५० च्या वर गेलं तर सामान हलवा. ९५० पर्यंत चालतं असं टायरवर लिहिलं असलं तरी मी दहा टक्के हात राखून ठेवतो. कारण खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा वजन क्षणभर वाढतं आणि वळणावर बाहेरच्या चाकावर लोटतं. बॅटऱ्या डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या मागे घ्या. पुढे जागा आहे आणि पुढच्या टायरवर भारही कमी आहे. बजेट असेल तर दोन ट्युब्युलरऐवजी एक २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी घ्या. ती पंचवीस किलोच्या आसपास असते, म्हणजे ऐंशी-नव्वद किलो एका फटक्यात उतरले. ग्रॅनाइटच्या जागी लॅमिनेट लावलेलं प्लाय किंवा स्टीलचा पत्रा. घरातल्या ओट्यासारखा ओटा हवा ही भावना मला समजते, पण चाकांवरच्या घरात दगड नको. आणि टाकी दीडशेची असली तरी निघताना चाळीस-पन्नास लिटरच भरा. नागपूरच्या वाटेवर पाणी मिळतं. मुक्कामावर टाकी भरायची, निघताना रिकामी करायची, अशी सवय लावा.

तुम्ही यादीच्या शेवटी सहज लिहिलंय की दाजींना मागच्या बाजूला रॅक लावून स्कूटर टांगायची आहे. ताई, हे मात्र मी हात जोडून नको म्हणतो. स्कूटर १०५ किलो आणि रॅक २५, म्हणजे १३० किलो. ते मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागे लोंबणार. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर साधारण ३.२ मीटर. सी-सॉवर शेवटच्या टोकाला पोर बसल्यासारखं होतं : पुढची चाकं साठ किलोने हलकी होतात आणि मागच्या एक्सलवर १३० नव्हे, १९० किलो वाढतात. १,७०० चे १,८९० झाले. दोन टायरची मिळून मर्यादा १,९००. पुढचं चाक हलकं झालं की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची पकड कमी होते, आणि तुम्ही तर कोकणात उतरणार. गावात फिरायला दोन घडीच्या सायकली न्या.

फॅब्रिकेटर लोक यावर एक उपाय सुचवतात : ‘मागे कमानपाटा वाढवून देतो, गाडी बसणार नाही.’ कमानपाटा म्हणजे चाकावरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. पाटा वाढवला की गाडीची मागची बाजू उचलली जाते, दिसायला बरी दिसते, पण टायर तोच राहतो आणि एक्सलही तोच. उलट गाडी खाली बसायची ती बसत नाही, म्हणून जास्त भार झालाय ही खूणच पुसली जाते.

आता ते चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १२२१ म्हणजे २०२१ सालच्या बाराव्या आठवड्यात, मार्चमध्ये, बनलेला टायर. ३११८ म्हणजे २०१८ चा एकतिसावा आठवडा. आणि तुमची स्टेपनी २०१४ च्या फेब्रुवारीअखेरची. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ऊन त्याला कडक करत जातात. थर धरून ठेवणारी चिकट सैल होते. आणि हे बाहेरून दिसत नाही, नक्षी तर मुळीच सांगत नाही. शाळेच्या गाडीत हे जास्त होतं. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर, बाकी वेळ मैदानात उन्हात उभी, दर उन्हाळ्यात दोन महिने एकाच जागी. त्यामुळे नक्षी झिजत नाही आणि टायर म्हातारा होतो. फॅब्रिकेटरला जी भरपूर नक्षी दिसते, ती टायर फिरलाच नाही म्हणून उरलेली आहे. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर खोलीची, आणि खाचेत ‘टी-डब्ल्यू-आय’ अक्षरांच्या रेषेत जो उंचवटा असतो तो ती दाखवतो. पण तो फक्त झीज सांगतो, वय सांगत नाही.

टायर बनवणारे सर्वसाधारणपणे पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसला तरी काढा, असं सांगतात. आपल्या उन्हात, या वजनाखाली, घरासारख्या गाडीत मी सहा-सात वर्षांच्या पुढे जात नाही. याला कारण आहे. २०११ साली मालेगावकडून येताना मनमाडच्या अलीकडे माझ्याच गाडीच्या मागच्या उजव्या टायरची नक्षी सालपटासारखी सोलून निघाली. ती चाकाच्या कमानीत आपटत राहिली, आवाज असा की छत खाली येतंय असं वाटलं. बायको आणि मुलगा गाडीत होते. वेग साठच्या खाली होता, म्हणून गाडी कडेला आली. टायरवर सहा मिलिमीटर नक्षी होती आणि मी तो दोनच वर्षांपूर्वी एका दुकानातून ‘नवा’ म्हणून घेतला होता. कडेला उभा राहून पहिल्यांदा ते चार आकडे नीट वाचले : टायर नऊ वर्षांचा होता. सात वर्षं तो कुठल्यातरी गोदामात पडून मला विकला गेला होता. त्या दिवसानंतर माझ्या दुकानात आकडे दाखवल्याशिवाय एकही टायर रिमवर चढला नाही.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत असं : मागचे दोन आणि स्टेपनी, असे तीन टायर आत्ताच बदला. नवे टायर मागेच बसवा, भार तिथे आहे आणि मागचा टायर दगा देतो तेव्हा गाडी सावरणं अवघड असतं. पुढचे २०२१ चे आहेत. ते उतरवून आतून-बाहेरून बघून घ्या, भिंतीवर केसासारख्या भेगा, फुगवटा किंवा कडेला उतरती झीज दिसली तर पाचही बदला. नाही दिसली तर पुढचं वर्षभर वापरा, पण खर्चाची तजवीज आतापासून ठेवा. दुकानात आकार, ‘सी’ आणि १०६ लिहिलेला कागद घेऊन जा. तोच आकार, भार-निर्देशांक तेवढाच किंवा जास्त, तारीख गेल्या सहा-आठ महिन्यांतली. कमी निर्देशांकाचा, गाडीला दिसायला रुंद असा कारचा टायर कोणी स्वस्तात दाखवला तर परत फिरा. ९५ निर्देशांकाचा टायर ६९० किलोचा असतो, तो तुमच्या मागच्या चाकाखाली जायला नको. आणि मुलगा किंवा जावई अलॉय व्हील घेऊन देतो म्हणाला, तर त्या रिमवर भाराचा आकडा कोरलेला आहे का हे आधी विचारा. रिमलाही मर्यादा असते.

रिमोल्डबद्दल, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. एसटी स्वतःच्या केंद्रांमध्ये टायरचं पुनःस्तरण करते आणि ते टायर हजारो किलोमीटर धावतात, हे खरं आहे. पण तिथे आधीचं आयुष्य माहीत असलेला टायर तपासून घेतला जातो आणि रोज कोणीतरी त्याच्याकडे बघतं. कुठून आला माहीत नाही अशा टायरवर नवी नक्षी चढवलेली तुम्हाला परवडणार नाही.

टायर बसवताना तीन गोष्टी पुढे उभं राहून करून घ्या. व्हॉल्व्ह नवे घ्या, आणि साधे रबरी नकोत, कारण ते ६५ पर्यंतच्याच दाबासाठी असतात आणि तापल्यावर तुमचा दाब त्याच्या वर जाणार. जास्त दाबाचे किंवा धातूचे व्हॉल्व्ह मागा. दुसरं, सगळं सामान बसल्यावरच अलाइनमेंट करा, रिकाम्या गाडीची अलाइनमेंट भरल्या गाडीला उपयोगाची नाही. तिसरं, पन्नास-शंभर किलोमीटर चालवून चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. आणि ट्यूबलेस टायरला पंक्चर झालं म्हणून आत ट्यूब टाकू देऊ नका. दोरी घालून काढलेलं पंक्चर घरी पोचेपर्यंतचं समजा, मग टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या. भिंतीला पंक्चर असेल तर तो टायर संपला.

हवा : पुढे ४५ तुम्हाला चालेल, कारण पुढच्या प्रत्येक टायरवर पावणेसहाशेच्या आसपासच भार आहे. मागे भरलेल्या गाडीसाठी दाराच्या खांबावरच्या पाटीत सांगितलेला आकडा घ्या, पाटी गेली असेल तर काट्याची पावती टायरवाल्याला दाखवा. ६० ते ६५ च्या दरम्यानच तो येईल. मोजायची सकाळी, गाडी हलण्याआधी. स्वतःचा गेज घ्या, पंपावरच्या यंत्रावर विसंबू नका. जालन्याजवळ दुपारी मोजली तर ६५ चे ७२-७४ दिसतील. घाबरून हवा सोडू नका. ती वाढ टायर बनवताना धरलेली असते. सोडलीत तर संध्याकाळी टायर थंड झाल्यावर तो कमी हवेचा होऊन बसेल. नायट्रोजनसाठी आग्रह नको. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे दाबदर्शक सेन्सर घ्या, ८० च्या वर मोजणारे, ज्यांचा पडदा दाजींच्या समोर राहील. हळूहळू गळणारी हवा माणसाला कळत नाही, त्यांना कळते.

स्टेपनीची एक गोष्ट आजच फॅब्रिकेटरला सांगा. गाडीखाली स्टेपनीची जागा रिकामी करून तिथे सांडपाण्याची टाकी बसवायचा मोह त्यांना होतो. २०२० च्या नियमबदलानंतर ठरावीक छोट्या प्रवासी गाड्यांना, पंक्चर किट आणि दाबदर्शक असेल तर, स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही, असंही तो सांगेल. ती सवलत तुमच्या वजनाच्या फिरत्या घरासाठी मनावर घेऊ नका. स्टेपनी हवी, ती सामान न उपसता निघायला हवी आणि जॅक भरलेली गाडी उचलणारा हवा. घरी अंगणात एकदा दोघांनी मिळून चाक बदलून बघा. दाजींना नट सुटत नसेल तर लांब दांड्याचा पाना घ्या. समृद्धीवर मात्र भर रस्त्यालगत चाक बदलायला बसू नका : गाडी जमेल तेवढी डावीकडे घ्या, त्रिकोण बराच मागे ठेवा, दोघंही कठड्याच्या पलीकडे जा आणि मदत मागवा.

वेग ऐंशी ठेवा. दर दोन तासांनी थांबा आणि चारही टायरना हाताचा मागचा भाग लावून बघा. एक टायर बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथेच थांबून हवा बघा. कोकणात माळशेज उतरताना खालच्या गिअरमध्ये या. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ब्रेकची उष्णता रिममधून टायरपर्यंत पोचते. आणि देव न करो, टायर फुटलाच, तर दाजींना हे आधीच पाठ करून ठेवायला सांगा : ब्रेक नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आणि सरळ, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू वर, गाडी आपोआप मंदावू द्यायची, खूप हळू झाल्यावरच कडेला. फुटल्यावर पाय आपसूक ब्रेककडे जातो, म्हणून निघण्याआधी तोंडाने म्हणून घ्यायचं.

पावसाळ्यात गाडी अंगणात उभी राहणार असेल तर टायरमध्ये पूर्ण हवा ठेवा, टाकी रिकामी ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी वीस मिनिटं फिरवून आणा. एकाच जागी उभं राहून टायरला खाली चपटा भाग येतो. उन्हाळ्यात उभी असेल तर चाकांवर गोणपाट टाका.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत केलेला बदल आरटीओच्या नोंदीत यायला हवा आणि विमा कंपनीलाही कळवायला हवा. प्रवासी वाहतुकीची पिवळी पाटी असेल तर खाजगी नोंदणीचंही बघावं लागेल. काम पूर्ण होण्याआधीच आरटीओत विचारून घ्या, नंतर भिंती काढाव्या लागू नयेत.

काट्यावर जाऊन आलात की पाचही पावत्यांचे फोटो पाठवा. मागच्या उजव्या चाकाचा आकडा बघून बॅटऱ्या कुठे ठेवायच्या आणि मागे नेमकी किती हवा भरायची, ते लगेच कळवतो.